बाणाचं टोक आपल्या मुठीत



परदेशी शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांसाठीच्या या सत्रात व्हिसा, फी आणि घरभाडं यांवर बोलून झालं आहे. मी ज्या गोष्टीवर बोलणार आहे ती आपल्याकडे जाताना कुणी सांगत नाही, कारण इथे तिचा संबंधच येत नाही. पार्क केलेल्या गाडीत ठेवलेली आणि तिथून चोरीला जाणारी बंदूक.

हसू नका. मी काही वर्षं अमेरिकेत टेनेसी राज्यात नोकरी केली. तिथल्या मस्जिदीत येणारा एक मित्र होता, तिथलाच नागरिक, सज्जन आणि बायकामुलांत रमणारा. मस्जिदींवरच्या हल्ल्यांच्या बातम्या वाचून घाबरला आणि त्याने पिस्तूल घेतलं. मस्जिदीत हत्यार आणायला बंदी होती. म्हणून जुम्याला तो ते गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवायचा. एका शुक्रवारी नमाज संपवून आम्ही बाहेर आलो, तर काच फुटलेली, कप्पा उघडा. चोराला फार तर दोन मिनिटं लागली असतील.

पोलिसांनी पहिला प्रश्न विचारला, "सिरियल नंबर?" त्याच्याकडे नव्हता. खोका फेकून दिला होता, पावती सापडत नव्हती. नंबर नसेल तर चोरीच्या हत्यारांच्या राष्ट्रीय नोंदीत ते पिस्तूल चढत नाही. उद्या कुठे सापडलं तरी ते याचंच, हे सहजी कळणार नाही. नंतर कित्येक महिने शहरात गोळीबाराची बातमी आली की तो मला फोन करायचा. "माझंच असेल का रे?" याचं उत्तर त्याला कधीच मिळालं नाही.

असं एकट्या त्याच्याच बाबतीत घडलं नाही. एव्हरीटाउन या संस्थेने एफबीआयच्या आकडेवारीचा अभ्यास केला आहे. 2022 मध्ये 337 शहरांत मिळून सुमारे 1 लाख 12 हजार बंदुका चोरीला गेल्याची नोंद झाली आणि त्यातल्या निम्म्याहून थोड्या जास्त गाड्यांमधून गेल्या. दहा वर्षांपूर्वी हे प्रमाण एक चतुर्थांशाच्या आसपास होतं. आणि या गाड्या बहुतेक वेळा कुठल्या अंधाऱ्या गल्लीत नव्हत्या, लोकांच्या घरापाशीच उभ्या होत्या. टेनेसीत 2014 पासून गाडीत हँडगन ठेवायला परवाना लागत नाही. बंदूक गाडीत ठेवणं सोपं झालं, पण ती कुलपात ठेवण्याची सवय त्यासोबत आली नाही.

आता सॅन फ्रान्सिस्कोची घटना सांगतो. जून 2015 मध्ये एका सरकारी रेंजरने पिस्तूल बॅगेत घालून ती गाडीतच ठेवली. काच फोडून पिस्तूल गेलं. चारच दिवसांनी, 1 जुलैला, बंदराच्या धक्क्यावर वडिलांसोबत फिरणाऱ्या एका तरुणीला त्याच पिस्तुलाची गोळी लागली आणि ती गेली. ज्याच्या हातून गोळी सुटली तो कागदपत्रं नसलेला स्थलांतरित होता. मग देशभर गदारोळ उठला तो स्थलांतरितांवर. सगळा समाज आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केला गेला. 2017 मध्ये ज्युरीने त्या माणसाला खुनाच्या आरोपातून मुक्त केलं, तरी तो राग ओसरला नाही. पिस्तूल गाडीत का सोडलं होतं, हा साधा प्रश्न मात्र मागेच पडला. तरुणीच्या आईवडिलांनी सरकारवर दावा लावला. न्यायालय म्हणालं, रेंजरची चूक आणि तो मृत्यू यांच्यामध्ये फार घटना घडल्या आहेत, जबाबदारी तिथवर पोहोचत नाही.

एका माणसाच्या कृत्यासाठी सगळ्या समाजाला जाब विचारला जातो तेव्हा कसं वाटतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणूनच आपली स्वतःची जबाबदारी किती, हे आपण नीट मोजलं पाहिजे.

कायद्याची साखळी जिथे तुटते तिथे अमानतीची तुटत नाही. बुखारी आणि मुस्लिम, दोन्ही संग्रहांत एक हदीस आहे. तिचा आशय असा की, जो बाण घेऊन मस्जिदीतून किंवा बाजारातून जाईल त्याने बाणांची टोकं हाताने धरावीत, कुणाला इजा होऊ नये म्हणून. बघा, इथे गर्दीला जपून चालायला सांगितलेलं नाही. ज्याच्याकडे बाण आहे त्याला सांगितलंय. त्याचा हेतू चांगला आहे की वाईट, हा प्रश्नच नाही. टोक त्यानेच मुठीत धरायचं.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात आम्ही माणूस विसरणार हे गृहीत धरूनच सिस्टिम बांधतो. "मी लक्ष ठेवीन" हा उपाय नसतो. इथेही तेच. सर्वांत चांगलं म्हणजे हत्यार गाडीत सोडायचंच नाही, घरी कुलपात ठेवायचं. सोडावंच लागलं तर गाडीत आधीपासून बसवलेली पोलादी पेटी हवी, जाड केबलने सीटच्या सांगाड्याला बांधलेली आणि बाहेरून न दिसणारी. डॅशबोर्डचा कप्पा, सीटखालची जागा, दाराचा खण या जागा चोर सर्वांत आधी बघतो. पेटीत ठेवायचं तर पार्किंगला पोहोचण्याआधीच ठेवा, तिथे कुणी बघत असू शकतं. बंदुकीची जाहिरात करणारे स्टिकर गाडीवर नकोत. रात्री गाडी दारात असली तरी ती रिकामी करा आणि कुलूप लावा. सिरियल नंबर घरी लिहून ठेवा. चोरी झालीच तर लाजेपोटी गप्प बसू नका, त्याच दिवशी कळवा. कोलोरॅडोत जानेवारी 2025 पासून गाडीत एकटी सोडलेली हँडगन कुलूपबंद, टणक पेटीत आणि नजरेआड ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. बाकी ठिकाणी आपण कायद्याची वाट कशाला बघायची?

आणि तुमच्यापैकी जे विद्यार्थी किंवा एच-वन-बी व्हिसावर जाल, त्यांनी हे पक्कं लक्षात ठेवा. काही अपवाद सोडले तर तिथल्या फेडरल कायद्याने तुम्हाला बंदूक बाळगायलाच मनाई आहे. मित्र म्हणाला, "जरा तुझ्या गाडीत राहू दे", तर सरळ नाही म्हणा. त्याला वाईट वाटलं तर वाटू द्या.

माझा तो मित्र पुढे मस्जिदीच्या कमिटीपुढे उभा राहिला आणि झालेलं सगळं त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. त्या दिवसापासून खुतब्याआधीच्या सूचनांत एक वाक्य वाढलं: हत्यार घरी ठेवून या. गेलेलं पिस्तूल परत आलं नाही. पण पुढच्या शुक्रवारी दोन-तीन जण गाडीकडे गेले, घरी जाऊन आले आणि मग सफीत उभे राहिले.