जनमत कोणाच्या हाती?

(धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सभेत दिलेले भाषण)



ज्यांच्या हाती वर्तमानपत्र त्यांच्या हाती जनमत, हे परमपूज्य बाबासाहेबांनी फार लवकर ओळखले होते. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' पाक्षिक सुरू केले. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला होता. छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. समाजाचे दुःख समाजाच्याच तोंडून जगाला कळावे, यासाठी एवढी खटपट करावी लागत होती.

आज छापखाना लागत नाही. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. आता आपल्याला कोणी अडवू शकत नाही, असे आम्हांलाही काही काळ वाटले. पण १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाडा येथे काय झाले? मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप व्हॉट्सॲपवरून पसरले होते. बाजाराचा दिवस होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील, भिक्षा मागून जगणाऱ्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मारणारेही कोणी धनदांडगे नव्हते, गोरगरीबच. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, असे बंधन जाहीर केले. पाच काय थोडे झाले? पाचाचे पंचवीस, पंचविसाचे सव्वाशे!

तथागतांनी केसपुत्त येथे कालामांना सांगितले होते की, कानावर आले, परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा सांगणारा आपला गुरू आहे, एवढ्यावरून काही मानू नका. यातले शेवटचे आपल्याला फार जड जाते. परक्याचा निरोप आपण तपासतो. आपल्या माणसाचा नाही.

विद्यार्थी मित्रहो, एक गोष्ट कबूल करतो. मागच्या निवडणुकीच्या आठवड्यात आमच्या गटात बाबासाहेबांच्या नावाने एक वाक्य आले. अमुक पक्षापासून सावध राहा, असा त्याचा अर्थ. शेजारी बाबासाहेबांचे छायाचित्र, भोवती निळी चौकट. आम्ही डोळे झाकून ते पुढे पाठवले. एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, हे कोणत्या खंडात आहे? पान कोणते?" तेव्हा महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेले, आमच्या वाचनालयातले बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड काढून बसलो. कित्येक संध्याकाळी त्यात गेल्या. वाक्य सापडले नाही. तसे गटावर कळवले, तोवर मतदान होऊन गेले होते.