मोहाखालचा पाला

शहापुरातल्या, मुरबाडातल्या, टोकावड्याकडच्या, किन्हवलीकडच्या आणि कामाच्या गडबडीत एका कानाने ऐकणाऱ्या सगळ्या जणींना नमस्कार.

माझं माहेर माहुलीच्या पायथ्याचं आणि सासर इकडे मुरबाड तालुक्यात, नाणेघाटाच्या खालच्या अंगाला. म्हणजे जन्म डोंगराखाली आणि संसारही डोंगराखालीच. रेडिओवरच्या ताईंनी मला विचारलं, "तुमच्या वाडीतल्या बायका जंगलाची वाट झाडतात म्हणे, त्याबद्दल बोलाल का?" मी हो म्हटलं. पण वाट झाडायला आम्ही का लागलो हे सांगायचं, तर आधी एका आगीबद्दल बोलावं लागेल. ती आग मी लावली होती.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. फाल्गुन लागला होता, मोहाला कळ्या धरल्या होत्या. आता तुम्हाला मोह काय सांगायचा! फुलं रात्री सुटतात आणि पहाटेपर्यंत टपटप पडत राहतात. उजाडायच्या आत झाडाखाली पोचलं नाही, तर गुरं, शेळ्या, रानातली जनावरं आपल्या आधी खाऊन जातात. पण झाडाखाली पानांचा हा एवढा थर असतो आणि त्यात ती पिवळी फुलं दिसत नाहीत. म्हणून फुलं पडायला लागायच्या आधी झाडाखालचा पाला जाळून जमीन मोकळी करायची. माझी आई हेच करायची, सासूबाईही हेच करायच्या. मीही तेच केलं.

माझी चूक वेळेची झाली. पहाटे दव असताना पेटवायला हवं होतं. मला घरातून निघायलाच दहा वाजले. ऊन चढलेलं, वारा सुटलेला. हातात ऐनाची ओली डहाळी होती, आग हटकायला. तेवढ्यात खालून धाकटा रडत वर आला, त्याच्या पायात काटा मोडला होता. मी काटा काढायला खाली बसले. वळून बघते तर आग गवताला लागून चढणीला गेली होती. डोंगरउतारावर आग वर पळते, माणसापेक्षा जोरात पळते. मी डहाळीने मारत राहिले, ओरडत राहिले, पण त्या वेळी रानात कोणी नव्हतं.

तीन दिवस डोंगर जळत होता. एका घरानं भातरोपाच्या दाढीसाठी रचून ठेवलेला राब जळाला. करवंदीच्या जाळ्या फुलावर आल्या होत्या, त्या गेल्या. त्या वर्षी वैशाखात आमच्या पोरांना करवंदं मिळाली नाहीत. रस्त्यावर टोपली घेऊन बसणाऱ्या दोन म्हाताऱ्यांची कमाई बुडाली.

आणि मी गप्प बसले. गावात चर्चा झाली तेव्हा कोणी म्हणालं फिरायला आलेल्या पोरांनी विडी टाकली असेल. मग एका गुराख्याच्या पोरावर आळ आला. त्याच्या बापानं त्याला मारलं. मी ऐकत होते, भाकरी थापत होते आणि गप्प होते. बोलायला मला वर्ष लागलं. पुढच्या फाल्गुनात ग्रामसभेत उठून सांगितलं की, आग माझ्या हातून लागली, त्या पोराचा काही संबंध नाही. पाय कापत होते. कोणी काही बोलेना. शेवटी आमच्या आजेसासू, ज्यांना ऐकू कमी येतं असं सगळे समजतात, त्या म्हणाल्या, "इथं कोणी लावली नाही? हात वर करा." एकही हात वर झाला नाही.

त्या दिवसापासून हे काम सुरू झालं.

पहिला प्रश्न पाला जाळायचा नाही तर करायचं काय, हा. उत्तर सोपं आहे आणि कंटाळवाणं आहे: झाडायचा. खराटा घ्यायचा आणि फुलं सुरू व्हायच्या आधी मोहाखाली झाडून काढायचं. दोघी जणी लागल्या तर एक मोठं झाड सकाळच्या प्रहरात होतं. पाला मात्र तिथेच ढीग करून ठेवू नका, ठिणगी पडली तर तोच ढीग धुमसत राहतो. आम्ही तो पोत्यात भरून शेतावर नेतो. राबाला लागतोच की! राबासाठी फांद्या तोडायला ऐनावर चढायचं, तेवढं तरी कमी होतं. राब हा आपल्या ठाणे जिल्ह्याचा जुना विषय आहे बरं का. इंग्रजांच्या काळात जंगलखात्याने फांद्या तोडायला अडवलं तेव्हा इतकी ओरड झाली, की सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. १८८७ साली त्याचा अहवाल आला. तेव्हापासून आजपर्यंत आपण आणि जंगलखातं याच फांद्यांवरून भांडतो आहोत.

दुसरा उपाय जुन्या साड्यांचा. साड्या शिवून मोहाखाली अंथरायच्या, फुलं अलगद त्यावर पडतात, माती लागत नाही, वेचायला कंबर मोडत नाही. मोठ्या झाडाचा घेर सगळा झाकायचा तर बारा-तेरा साड्या लागतात. एवढ्या कोणाकडे असतात? म्हणून जिथे फुलं जास्त पडतात तेवढ्याच भागात अंथरतो. काही ठिकाणी शेतीची हिरवी जाळी वापरतात, तीही चांगली. फक्त संध्याकाळी अंथरायची आणि सकाळी उचलून न्यायची, नाहीतर गुरांच्या पायात अडकते.

जाळल्यानं काय होतं, असं मला जाऊबाईंनी विचारलं होतं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या म्हणाल्या, "आग लागली त्या वर्षीही पहिल्या पावसाबरोबर शेवळं आलीच की." आली, कारण शेवळाचा कंद जमिनीत खोल असतो, वरून गेलेली आग त्याला लागत नाही. साग, पळसही बुडातून फुटतात. मग मी त्यांना म्हटलं, "वहिनी, गुडघ्याएवढा मोह शेवटचा कधी पाहिलात?" त्या विचारात पडल्या. तुम्हीही आठवून बघा. आपल्या भागातले मोह सगळे थोराड, आजोबांच्या वेळचे. खाली पोर नाही. दोडे आपण तेलासाठी वेचून आणतो, त्यातून जे बी चुकून रुजतं ते पुढच्या फाल्गुनात आपणच जाळतो. हे म्हातारे मोह पडले की आपल्या नातसुनांनी काय वेचायचं?

आमच्या ग्रामसभेनं एक ठराव केला: प्रत्येक मोहाच्या मालकिणीनं दोन रोपं राखायची. भोवती काट्यांचं कुंपण करायचं. मालकीण हा शब्द मी मुद्दाम वापरला. रानातली झाडं कोणाच्या नावावर नसतात, पण कोणता मोह कोणत्या घरचा, हे आपल्यात ठरलेलं असतं आणि वेचायला जाते ती बाईच.

आता वाटेबद्दल. वणवा अडवायला जंगलखातं जाळरेषा काढतं, म्हणजे गवत-पाला काढून मोकळा पट्टा ठेवतं. आगीला पुढे खायला मिळालं नाही की ती थांबते. पण खात्याची जाळरेषा सगळीकडे पोचत नाही. आमच्या लक्षात आलं, की आपली पाऊलवाट हीच जाळरेषा होऊ शकते. वाट आधीच मोकळी असते, तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन हात गवत कापलं आणि पाला आतल्या बाजूला लोटला, की झाला पट्टा. शिवाय चालताना साप-विंचू दिसतो, आणि मोळी घेऊन येणारीचा पाय अडकत नाही.

गवत आम्ही पौष-माघात कापतो. पण एकदा झाडून भागत नाही, हे पहिल्या वर्षी कळलं. साग, ऐन पानं टाकतच राहतात. माघात स्वच्छ केलेली वाट फाल्गुनात पुन्हा भरते. म्हणून तीन वेळा झाडतो. पहिल्या वर्षी आम्ही एकदाच झाडून फोटो काढले होते, आणि महिन्याने वाट कुठे होती तेही दिसेना!

पावसाळ्याच्या आधी दुसरं काम. उतारावरची वाट पाण्याला फार आवडते. एकदा पाणी वाटेवरून धावायला लागलं की दोन पावसाळ्यांत तिचा ओहोळ होतो, मग आपण बाजूने नवी वाट पाडतो, तीही वाहून जाते, आणि डोंगराला ओरखडे पडत जातात. त्यावर उपाय म्हणजे चढणीवर पंधरा-वीस पावलांवर तिरपी चर काढायची, तिच्या खालच्या कडेला दगड बसवायचे. सरळ आडवी नाही, तिरपी. सरळ काढली की गाळ साचतो आणि पाणी वरून उडी मारतं. तिरप्या चरीतून पाणी बाजूला झाडीत जातं. पहिला मोठा पाऊस झाला की कुदळ घेऊन एक फेरी मारायची, कारण चरी तेव्हाच भरतात. माणसांनी पाडलेल्या आडवाटा बोरीच्या काट्या टाकून बंद करायच्या. नाणेघाटाच्या जुन्या दगडी वाटेवर मात्र आम्ही दगड हलवत नाही. सातवाहनांच्या काळापासून कल्याण आणि जुन्नरमधला माल तिथून गेला, वरच्या लेण्यात नागनिकेचा लेख आहे. तिथे फक्त कचरा उचलायचा.

कचऱ्यावरून आठवलं. कल्याण, डोंबिवली, मुंबईची पोरंपोरी पावसाळ्यात येतात. त्यांतले काही गट पिशव्या घेऊन प्लॅस्टिक गोळा करतात, बरं वाटतं. पण बाळांनो, तुम्ही ऐकत असाल तर सांगते, पावसात डोंगर आपला आपण जगतो. तुमची गरज फेब्रुवारी-मार्चमध्ये आहे, जेव्हा धबधबा नसतो आणि फोटोही चांगले येत नाहीत.

हे सगळं करायला आपल्याला अधिकार आहे का, असं पुष्कळ जणी विचारतात. आहे. वनहक्क कायदा २००६ चा. नुसती शेतजमिनीची कसणूक त्यात नाही. गाव परंपरेने जे जंगल वापरत आलं आणि राखत आलं, त्याचं रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा सामूहिक हक्कही त्यात आहे. वनहक्क समितीत निदान एक तृतीयांश बायका पाहिजेत, आणि हे विषय ठरवणाऱ्या ग्रामसभेत हजर असणाऱ्यांतही एक तृतीयांश बायका नसतील तर ती सभा पुरी होत नाही. म्हणून पुरुषमंडळी आपल्याला सही करायला बोलावतात, तेव्हा सही करून लगेच उठू नका. बसा. वही वाचून दाखवायला सांगा. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चारशे हेक्टरांहून जास्त जंगल असंच गावाचे नियम करून राखलं. त्यासाठी तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

माझ्या माहेरच्या बायांना मात्र एक सांगते. माहुलीचं जंगल तानसा अभयारण्यात मोडतं. तिथे कुदळ मारण्याआधी वनरक्षकाशी बोला, ग्रामसभेचा ठराव हातात ठेवा. आग लागलेली दिसली तर वनविभागाचा १९२६ हा नंबर आहे. तो घरातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये भरून ठेवा. आणि एकट्या बाईनं आग विझवायला वर जाऊ नये. मी गेले होते, म्हणून सांगते. आग खालून वर येत असेल तर तिच्या वरच्या बाजूला कधीच उभं राहायचं नाही.

एका गोष्टीवर आमचं अजून एकमत नाही. या कामाला श्रमदान म्हणतात. पाणी भरणं, सरपण आणणं, अंगणवाडीचं अंगण झाडणं, आपलं निम्मं आयुष्य श्रमदानातच जातं. आमच्यातल्या काही जणी म्हणतात, आपल्या रोजच्या वाटेचं काम आपण करू, पण डोंगराच्या मोठ्या पट्ट्याचं काम रोजगार हमीतून मागू, मजुरी घेऊ. काही म्हणतात, पैसे आले की हजेरीपट आला, मुकादम आला, आणि काम पुन्हा पुरुषांच्या हातात गेलं. मला दोन्ही पटतं. पुढच्या ग्रामसभेत हा विषय आहे, मी मजुरीच्या बाजूने हात वर करणार आहे.

तो गुराख्याचा मुलगा आता मोठा झाला. जाळरेषेच्या कामाला पहिल्या वर्षापासून येतो. माझ्याशी फार बोलत नाही. मागच्या माघात कुदळीचा दांडा मोडला तेव्हा त्याने आपली कुदळ माझ्या हातात दिली आणि स्वतः दगड उचलायला लागला. मी "घे रे, मी बसते जरा" म्हटलं, तर "बसा ना काकू" म्हणाला.

आमची पहिली झाडणी येत्या रविवारी आहे. सकाळी सातला, मारुतीच्या देवळापासून. शेजारच्या वाड्यांतून येणाऱ्यांनी खराटा आणि कोयता आपापला आणावा, भाकरी बांधून आणावी. पिठलं आम्ही करू. पायात चपला नकोत, बूट असतील तर बूट, नसतील तर पोरांचे जुने शाळेचे बूट घाला, मीही तेच घालते.