शेगडी, रॉकेल आणि बंद खोली

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर बोरी हें गांव लागतें. मराठवाड्याच्या उन्हाळ्याची कीर्ति पुण्यामुंबईस पोहोंचलेली असल्यामुळें तिकडच्या थंडीची कल्पना शहरांतील मंडळींना सहसा नसते. पौषांत उत्तरेचा कोरडा वारा काळ्या रानांवरून सुटला म्हणजे रात्र कशी जाते, तें बोरीकरांनाच ठाऊक. परभणीच्या कृषि विद्यापीठांतील तापमापकाचा पारा कांहीं हिवाळ्यांत पांच अंशांच्याहि खालीं उतरलेला आहे. अशा रात्रीं वीज गेली कीं विजेवरचें ऊब देणारें यंत्र निरुपयोगी होतें, आणि घरांतल्या माणसांना कोळशाच्या शेगडीची नाहीं तर रॉकेलच्या हीटरची आठवण होते.

पूर्वींच्या घरांत हा विस्तव इतका घातक ठरत नसे. या भागांतील घरांना मातीचें माळवद असे व धूर जावा, उजेड यावा म्हणून त्यांत साणें ठेवलेलें असे. फळ्यांच्या दारांना फटी असत. तेवढ्यानें सगळा धोका टळत होता असें नव्हे. पण न मागतां वारा खेळत असे. आतां त्याच गांवांत सिमेंटची घरें झालीं, खिडक्यांना घट्ट सरकत्या कांचा आल्या. घर बदललें, पण विस्तव वापरण्याची रीत मात्र जुनीच राहिली. खरी अडचण येथें आहे.

रॉकेल हें नांव इंग्रजींतील रॉक ऑइलवरून आलें आणि घासलेट हें गॅस लाइटवरून. म्हणजे दिव्याचें तेल हीच त्याची आपल्याकडची जुनी ओळख. परंतु दिव्याची वात आणि खोली तापविणारी ज्योत यांच्या भुकेंत फार अंतर आहे. एक लिटर रॉकेल पूर्णपणें जळावयास सुमारें १० घनमीटर हवा लागते. दहा फूट लांब, तितक्याच रुंद व उंच खोलींत अवघी २८ घनमीटर हवा असते, आणि त्याच हवेवर निजलेल्या माणसांनाहि रात्र काढावयाची असते. हवा अपुरी पडूं लागली कीं ज्योत पिंवळी होते, काजळी धरते, आणि कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु अधिक प्रमाणांत उत्पन्न होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील जो पदार्थ प्राणवायु वाहून नेतो, त्याला हा वायु प्राणवायूच्या दोनशेंहून अधिक पट ओढीनें चिकटतो. मग श्वास चालूं असतांच शरीर आंतून गुदमरतें.

कोळशाच्या बाबतींत तर एक समजूत फारच घातक आहे. धूर निघून गेला, निखारे लालबुंद झाले, आतां शेगडी आंत घ्यावयास हरकत नाहीं, असें पुष्कळ घरांतून म्हणतात. वस्तुतः निखाऱ्यांवर जी निळसर ज्योत नाचतांना दिसते ती या वायूचीच. आणि न जळतां सुटलेला वायु तर दिसतहि नाहीं. खोलींत पाण्याचें भांडें ठेवल्यानेंहि कांहीं साधत नाहीं, कारण हा वायु पाण्यांत फारच थोडा विरघळतो.

फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला १९०२ च्या सप्टेंबरांत पॅरिसमधील आपल्या शयनगृहांत असाच गेला. शेगडीचें धुराडें तुंबलेलें होतें. रात्रीं पतिपत्नी दोघांनाहि अस्वस्थ वाटलें, पण अन्नाचा बिघाड असेल म्हणून नोकरांना कोणी उठविलें नाहीं. पत्नी तेवढी वांचली. अलीकडे, २०२० च्या जानेवारींत, नेपाळमधील दामन येथें केरळचे ८ प्रवासी, त्यांत ४ मुलें, गॅसच्या हीटरनें तापविलेल्या बंद खोलींत मृत्युमुखीं पडले. डोकें जड होणें, मळमळ, घेरी, हातापायांतील बळ जाणें हीं याचीं लक्षणें. आणि तीं थंडीच्या दिवसांत कोणालाहि साध्या पडशाचीं किंवा अपचनाचीं वाटावींत! एकाच खोलींतल्या सर्वांचें डोकें एकाच वेळीं दुखूं लागलें तर मात्र औषधाची पेटी शोधण्यापूर्वीं दार उघडावें, सर्वांना मोकळ्या हवेंत न्यावें आणि १०८ क्रमांकास कळवावें.

हीटर वापरावयाचाच तर खिडकी वीतभर उघडी हवी; शक्य तर समोरासमोरच्या दोन. ऊब थोडी कमी होईल, होऊं द्यावी. गोधडी, वाकळ, मच्छरदाणी आणि घरांत सांठविलेला कापूस यांपासून तो चांगला हात दोन हात दूर असावा. तेल भरावयाचें तें हीटर विझवून, पुरता निवल्यावर, घराबाहेर. शिधावाटपाचें रॉकेल दुर्मिळ झाल्यामुळें त्यांत पेट्रोल मिसळण्याचा मोह कोणास होईल. रॉकेलची वाफ पेट घेण्यास तें सुमारें ३८ अंशांपर्यंत तापावें लागतें, पेट्रोलची वाफ शून्याखालीं ४० अंशांवरहि पेटूं शकते. एवढा एकच आंकडा पुरे. आणि झोंप येण्यापूर्वीं हीटर विझविलाच पाहिजे. डोळा लागल्यावर तो कोण विझवणार?

सर्वांत नाजूक ठिकाण बाळंतिणीच्या खोलीचें. वारा लागूं नये म्हणून दारें लोटलेलीं, फटींत चिंध्या कोंबलेल्या, बाजेखालीं निखाऱ्यांची शेगडी, वर ओव्याची धुरी. आणि त्या खोलींत काल जन्मलेलें मूल. आजीच्या मायेंत खोट काढण्याचें कारण नाहीं, शेक बाळंतिणीला सुखाचाच वाटतो. पण तान्ह्या मुलाचा श्वास मोठ्यांहून जलद चालतो आणि त्याला आपलें डोकें दुखतें हें सांगतां येत नाहीं. खोली आधीं दार उघडें ठेवून तापवावी, मग शेगडी बाहेर नेऊन बाळबाळंतिणीला आंत घ्यावें. शेकाला फडक्यांत गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी चालते, आणि बाळाला आईच्या छातीशीं उघड्या अंगानें धरून वरून पांघरूण घातलें तर त्याची ऊब चांगली टिकते. राखेखालीं झांकलेला निखारा विझलासा दिसला तरी तासन् तास धुमसत असतो, म्हणून शेगडीनें रात्र ओसरीवरच काढावी.