खासदार कुणाचा?



वाशिम जिल्हा अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा, असे सहा तालुक्यांचे हे छोटे बिऱ्हाड. जिल्ह्याला वर्ष-सव्वा वर्ष होते न होते तोच १९९९ ची लोकसभा निवडणूक आली आणि वाशिम मतदारसंघाने जेमतेम सव्वीस वर्षांची एक तरुणी दिल्लीला पाठवली. त्या म्हणजे शिवसेनेच्या भावना गवळी. पुढे २००४, २००९, २०१४ आणि २०१९ अशा आणखी चार निवडणुका त्यांनी जिंकल्या. पाच वेळा उभे राहायचे आणि पाचही वेळा निवडून यायचे, हे महाराष्ट्रात फार थोड्यांना जमले आहे. आणि २०२४ मध्ये त्यांच्याच पक्षाने त्यांना उमेदवारी नाकारली.

मी वाशिमला बरीच वर्षे राज्यशास्त्र शिकवले. संसदीय लोकशाहीचा धडा सुरू झाला की वर्गातून एक प्रश्न हमखास यायचा. "सर, खासदार मतदारांचा की पक्षाचा?" पुस्तकातले उत्तर सोपे आहे. भावनाताईंच्या पंचवीस वर्षांच्या कारकिर्दीकडे पाहिले की ते तितकेसे सोपे राहत नाही. आज त्यांची स्तुती किंवा निंदा करण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्या कारकिर्दीच्या निमित्ताने आपल्या मताची ताकद कुठवर पोचते, एवढेच पाहायचे आहे.

आधी या मतदारसंघाविषयी. १९७७ मध्ये येथून वसंतराव नाईक निवडून आले. १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्रिपद भूषवलेला पुसदचा हा नेता. १९७९ मध्ये त्यांचे निधन झाले. १९८० मध्ये काँग्रेसने येथे उमेदवार दिला तो थेट जम्मू-काश्मीरमधला, गुलाम नबी आझाद. वाशिमकरांनी त्यांना १९८० आणि १९८४ असे दोनदा निवडून दिले. लोकसभेला उभे राहण्यासाठी देशातल्या कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत नाव असले की पुरते, म्हणून हे शक्य झाले. १९८९ मध्ये मात्र अनंतराव देशमुख अपक्ष उभे राहून निवडून आले. वाशिमचा मतदार पक्षाचा शब्द मानतो, तसा वेळप्रसंगी मोडतोही, हे तेव्हाच दिसले होते.

त्यानंतर वारे बदलले. १९६६ मध्ये मुंबईत मराठी माणसाच्या प्रश्नावर जन्मलेली शिवसेना १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात हिंदुत्वाचा झेंडा घेऊन मराठवाडा-विदर्भात शिरली. धर्म, परंपरा, राष्ट्राभिमान यांची भाषा बोलणारा आणि नेत्याच्या शब्दाला आज्ञा मानणारा हा पक्ष. सहकारी संस्थांच्या राजकारणात ज्यांना जागा मिळाली नव्हती, अशा खेड्यापाड्यांतल्या तरुणांना त्याने हाताशी धरले. १९९६ मध्ये रिसोड भागातले पुंडलिकराव गवळी शिवसेनेच्या तिकिटावर वाशिमचे खासदार झाले. १९९८ मध्ये जागा पुन्हा काँग्रेसकडे, माजी मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक यांच्याकडे गेली. वर्षभरातच लोकसभा बरखास्त झाली आणि पुंडलिकरावांच्या कन्या भावनाताई रिंगणात उतरल्या.

वडिलांची पुण्याई पाठीशी होती, हे खरेच. पण पुण्याई एका निवडणुकीला पुरते, पाच निवडणुकांना पुरत नाही. १९९९ च्या लोकसभेत अवघ्या ४९ महिला होत्या. त्या काळी परंपरेचा अभिमान सांगणाऱ्या पक्षाने ग्रामीण वऱ्हाडात एका तरुणीला उमेदवारी द्यावी आणि कुणबी-मराठा, बंजारा, दलित, आदिवासी, मुस्लिम अशी मिश्र वस्ती असलेल्या मतदारसंघाने तिला निवडून द्यावे, ही साधी गोष्ट नव्हती. थोड्याच दिवसांत त्या गावोगावी "ताई" झाल्या.

तो काळही कठीण होता. कापूस आणि सोयाबीन पिकवणाऱ्या या पट्ट्यात शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या रोजच्याच झाल्या होत्या. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. त्या सहांत वाशिम होते. बारा वर्षांनी, २०१८ मध्ये, नीती आयोगाने देशातल्या मागास जिल्ह्यांना "आकांक्षित जिल्हे" असे गोंडस नाव दिले. त्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे आले आणि त्यांतही वाशिम होतेच. खासदार तीच आणि जिल्ह्याचे मागासपणही तेच, असे टीकाकार म्हणत. समर्थकांचे उत्तर असे, की खासदाराच्या हाती निधी असतो तरी किती? २०११-१२ पासून तो वर्षाला पाच कोटी आहे, आणि त्यातून सगळ्या मतदारसंघाचे सभामंडप, रस्ते नि शाळाखोल्या भागवायच्या. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. सिंचन, वीज, शेतमालाचा भाव यांचे निर्णय एकटा खासदार घेत नाही. पण ते प्रश्न सभागृहात मांडून धसास लावणे हे त्याचेच काम असते. आपण मतदार मात्र सभामंडप मोजतो आणि सभागृहातले प्रश्न मोजायचे विसरतो.

आता वळूया आपल्या मताच्या बाहेर घडणाऱ्या तीन गोष्टींकडे.

पहिली गोष्ट नकाशाची. २००८ मध्ये मतदारसंघांची पुनर्रचना झाली आणि वाशिम नावाचा स्वतंत्र लोकसभा मतदारसंघ संपला. वाशिम आणि कारंजा हे विधानसभा मतदारसंघ यवतमाळ, राळेगाव, दिग्रस व पुसद यांच्याशी जोडून "यवतमाळ-वाशिम" तयार झाला. रिसोड गेले अकोला लोकसभेत. म्हणजे छोट्याशा जिल्ह्याची दोन मतदारसंघांत वाटणी झाली. गंमत अशी, की गवळी कुटुंबाचे रिसोडच भावनाताईंच्या मतदारसंघाबाहेर पडले. तरीही २००९ मध्ये त्या निवडून आल्या. २०१४ मध्ये त्यांनी राज्याचे तेव्हाचे मंत्री शिवाजीराव मोघे यांचा आणि २०१९ मध्ये काँग्रेसचे माजी प्रदेशाध्यक्ष माणिकराव ठाकरे यांचा पराभव केला. ठाकरे यांच्यावरची आघाडी तर लाखाच्या वर होती. नकाशा बदलला, तरी मतदार टिकवता येतात, हे त्यांनी दाखवून दिले.

दुसरी गोष्ट व्हीपची. मराठीत आपण प्रतोद म्हणतो. मूळ अर्थ चाबूक, आणि काम नावाप्रमाणेच. कोणत्या प्रस्तावावर कसे मतदान करायचे याचा पक्षादेश प्रतोद काढतो. १९८५ मध्ये ५२ वी घटनादुरुस्ती होऊन दहावे परिशिष्ट आले, तेव्हापासून हा आदेश मोडणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते. पक्षाने पंधरा दिवसांत माफ केले तरच ते वाचते. भावनाताई लोकसभेत शिवसेनेच्या मुख्य प्रतोद होत्या. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांचे बंड झाले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात उद्धव ठाकरे यांच्या नेतृत्वाखालील पक्षाने भावनाताईंना प्रतोदपदावरून दूर करून राजन विचारे यांना नेमले. त्याच महिन्यात बारा खासदार शिंदे यांच्या बाजूला गेले. लोकसभा अध्यक्षांनी राहुल शेवाळे यांना गटनेते म्हणून मान्यता दिली आणि प्रतोदपद भावनाताईंकडेच राहिले.

हा चाबूक हाती देण्याचा अधिकार कुणाचा? विधानसभेच्या बाबतीत हाच वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ११ मे २०२३ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, सभागृहातल्या आमदारांच्या गटाचा नाही. मात्र त्याआधीच, फेब्रुवारी २०२३ मध्ये, निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिले होते. या सगळ्या घडामोडीत यवतमाळ-वाशिमच्या मतदाराला कुणीही काही विचारले नाही. त्याने २०१९ मध्ये धनुष्यबाणावर शिक्का मारला होता. तो बाण आता कुणाच्या भात्यात, हे दिल्लीत ठरले. बंडाच्या आधीच्या वर्षी, २०२१ मध्ये, भावनाताईंशी संबंधित संस्थेच्या व्यवहारांची सक्तवसुली संचालनालयाकडून चौकशी सुरू झाली होती. त्यांनी आरोप फेटाळले होते. विरोधक या दोन घटनांची सांगड घालतात, समर्थक ती नाकारतात.

तिसरी गोष्ट तिकिटाची. २०२४ मध्ये उमेदवारी अर्जांची मुदत संपत आली तरी येथील नाव जाहीर होत नव्हते. अखेर शिंदे यांच्या शिवसेनेने हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील यांच्या पत्नी राजश्री पाटील यांना उमेदवारी दिली. पाच वेळच्या खासदार बाजूला राहिल्या. निकाल लागला तेव्हा ठाकरे गटाचे संजय देशमुख नव्वद हजारांहून अधिक मतांनी विजयी झाले होते. त्याच वर्षी जुलैमध्ये पक्षाने भावनाताईंना विधान परिषदेवर पाठवले, आमदारांच्या मतांवर. नोव्हेंबरमध्ये त्या रिसोडमधून विधानसभेला उभ्या राहिल्या. तेथे काँग्रेसचे अमित झनक निवडून आले.

आपण ज्या देशाची संसदीय पद्धत घेतली, त्या ब्रिटनमध्ये परंपरावादी हुजूर पक्षाचा उमेदवार ठरवताना मतदारसंघातल्या पक्षसभासदांचे मत घेण्याची जुनी प्रथा आहे. मुख्यालयाची मान्यता लागते, ढवळाढवळही होते, पण गावच्या शाखेला तोंड उघडता येते. आपल्याकडे एबी फॉर्म वरून येतो. तो कुणाला दिला आणि का दिला, याचा खुलासा मागण्याची सोय साध्या कार्यकर्त्याला नाही. हे कोणत्याही एका पक्षाचे दुखणे नाही. उजवे, डावे, मधले, सगळ्यांच्या घरी मातीच्याच चुली.

म्हणून त्या वर्गातल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. खासदार मतदानाच्या दिवशी आपला असतो. त्याआधी आणि त्यानंतर तो बराचसा पक्षाचा असतो. हे माप बदलायचे असेल, तर प्रश्न विचारायची वेळ आधी आणायला हवी. प्रचारसभेत रस्ता मागतो, तसाच उमेदवार कोणी निवडला हेही विचारायला हवे. पक्ष फुटला तर तुम्ही कुणाकडे आणि कोणत्या कारणाने, याचा जाब गावात येऊन द्यावा, असा आग्रह धरायला हवा.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष ठेवायचे आहे. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीत लोकसभेत आणि विधानसभांत महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखून ठेवण्याची तरतूद झाली आणि ती जनगणनेनंतरच्या पुनर्रचनेशी जोडली गेली. नकाशा पुन्हा आखला जाईल तेव्हा वाशिमचे आणखी तुकडे पडणार की जिल्हा एकत्र येणार, हे आयोग ठरवेल. पण प्रस्तावित आराखडा जाहीर होतो, त्यावर हरकती आणि सूचना मागवल्या जातात, जाहीर सुनावणी होते. तेथे जायला कोणत्याही पक्षाचे तिकीट लागत नाही. आपल्या गावचा माणूस त्या सुनावणीला कागद घेऊन उभा राहिला पाहिजे.