यजमानाचे मोठेपण



यजमान आणि पाहुणा ही जोडी घराघरांत परिचयाची आहे. प्रकाश देणाऱ्या सेंद्रिय पदार्थांच्या शास्त्रातही हीच जोडी आहे आणि तेथेही पाहुण्याचे तेज यजमानावरच अवलंबून असते.

भ्रमणध्वनीच्या ओएलईडी पडद्यात प्रकाश देणारा सेंद्रिय थर काही दशक नॅनोमीटर जाडीचा असतो. वीज वाहू लागताच त्यात ऋण व धन भार एकत्र येऊन रेणू उत्तेजित होतात. अशा चार अवस्थांपैकी एक 'सिंग्लेट', तर तीन 'ट्रिप्लेट' असतात. साध्या सेंद्रिय रंगद्रव्यात सिंग्लेटच प्रकाश देते. उरलेली ऊर्जा बहुतांशी उष्णतेत विरते. अमेरिकेतील स्टीफन फॉरेस्ट व मार्क थॉम्पसन यांच्या गटांनी १९९८ मध्ये प्लॅटिनमचे आणि १९९९ मध्ये इरिडियमचे संयुग वापरले. त्यांतील जड अणूंमुळे ट्रिप्लेटमधूनही प्रकाश मिळू लागला. हीच स्फुरदीप्ती.

मात्र हे रेणू दाटीने बसले, तर परस्परांचा प्रकाश मालवतात. म्हणून ते दुसऱ्या सेंद्रिय पदार्थात, बहुधा शेकडा पाच-दहा या प्रमाणात, विखुरले जातात. हा पदार्थ म्हणजे यजमान. त्याने दोन्ही भार वाहून न्यावेत, तापल्यावरही स्फटिक होऊ नये आणि त्याची ट्रिप्लेट ऊर्जा पाहुण्याहून अधिक असावी. अन्यथा दिलेले दान तो परत घेतो.

हिरव्या रंगास सीबीपी हा यजमान पुरेसा ठरला. त्याची ट्रिप्लेट ऊर्जा सुमारे २.५६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. निळसर प्रकाश देणाऱ्या फिरपिकची मात्र त्याहून किंचित अधिक. तेव्हा रसायनशास्त्रज्ञांनी सीबीपीच्या मध्यभागी असलेल्या दोन बेंझीन कड्यांपैकी एक वगळले आणि दोन्ही बाजूंचे कार्बाझोल गट उरलेल्या कड्यावर तिरकस जागी जोडले. या एमसीपीची ट्रिप्लेट ऊर्जा सुमारे २.९ झाली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बाह्य कार्यक्षमता साडेसात टक्क्यांच्या आसपास पोहोचली. सीबीपीत ती पावणेसहाच्या जवळपास होती.

पण रेणू आखूड झाला, तसा उष्णतेपुढे दुबळाही. एमसीपीचा थर सुमारे ६० अंश सेल्सिअसलाच मऊ पडू लागतो. शिवाय निळ्या प्रकाशाची ऊर्जाच मोठी. दोन उत्तेजित रेणूंची ऊर्जा एकाच ठिकाणी एकवटली, तर रासायनिक बंध तुटू शकतात. म्हणूनच बाजारातील बहुतेक पडद्यांत तांबडा व हिरवा रंग स्फुरदीप्तीचा, निळा मात्र जुन्याच पद्धतीचा आहे.

उंच राहूनही न ढळणारा, दिलेले परत न घेणारा यजमान घडविणे, हीच या शास्त्राची साधना आहे.