विषाची सवय कोणाला होते?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



पावसाने ताण दिलेल्या कोवळ्या ज्वारीत बैल सोडायचा नाही, हे इथे कोणाला शिकवावे लागत नाही. गुडघ्याएवढी करपलेली ज्वारी खाल्ली की जनावर जागेवर पडते. तीच ज्वारी वाढून तिचा कडबा झाला की तेच जनावर वर्षभर खाते. बियाणे एक, वावर एक, मग विष आले कुठून आणि गेले कुठे?

ज्वारीच्या प्रत्येक पेशीत हे विष करण्याची कृती लिहिलेली आहे. अशा लिहिलेल्या कृतीला शास्त्रज्ञ जनुक म्हणतात. कृती जन्मभर सोबत असते, पण कोवळेपणी आणि पाण्याचा ताण पडला की ज्वारी ती जोरात वाचते, मोठेपणी हळू वाचते. लिहिलेले असणे वेगळे आणि वाचले जाणे वेगळे. एवढे ध्यानात ठेवले की कापसावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपले काय झाले ते उलगडते.

गावोगावी एक वाक्य ऐकू येते, "अळीला औषधाची सवय झाली." आम्ही पदवी घेऊन नवे नवे फिरायला लागलो तेव्हा आम्हीही हेच म्हणत होतो, आणि वर मात्रा वाढवण्याचा सल्ला देत होतो. ते आमचे चुकले. अळीचे सारे आयुष्य महिना-सव्वा महिन्याचे, तिला सवय व्हायला सवड कुठे आहे? होते असे की हजारो अळ्यांत चार-दोन जन्मतःच वेगळ्या असतात. फवारा बसला की बाकीच्या मरतात, या उरतात, आणि मग त्यांची लग्ने त्यांच्यातच होतात. मात्रा वाढवून आपण ही निवड आणखी कडक करतो. बियाण्यासाठी कणसे निवडावीत तशी आपण अळी निवडत आलो, तीही पदरचे पैसे घालून.

या उरलेल्या किडीत वेगळे काय असते? कधी जनुक तेच असते, वाचन जादा असते. बटाटा-तंबाखूवर येणाऱ्या एका माव्याचा अभ्यास इंग्लंडमधल्या रोथमस्टेड संशोधन केंद्रात झाला. औषधाला दाद न देणाऱ्या माव्यात विष निकामी करणाऱ्या जनुकाच्या ८० पर्यंत नकला सापडल्या. खरी गंमत पुढे आहे. फवारा नसताना अशा माव्याच्या काही पिढ्या पुन्हा औषधाने मरू लागल्या. तपासले तर नकला जागच्या जागी होत्या, फक्त त्यांच्यावरची एक रासायनिक खूण पुसली जाऊन वाचन थांबले होते. चोपडी घरातच होती, मिटून ठेवलेली. म्हणून "हे औषध दोन वर्षे कोणी मारले नाही, आता पुन्हा चालेल" असे दुकानदार म्हणाला तर लगेच खिशात हात घालू नका.

शेंदरी बोंडअळीची चाल निराळी. बीटी कापसातले विष अळीच्या आतड्यातल्या एका प्रथिनाला जाऊन चिकटते, तेव्हा आतडे फुटते. आपल्या देशातल्या दाद न देणाऱ्या अळ्यांत ते प्रथिन करणारे जनुक वाचतानाच घोटाळा होतो, ओळी गळतात, भलत्या जागी जोडल्या जातात. प्रथिन धड बनत नाही आणि विषाला चिकटायला जागा राहत नाही. हे संशोधन २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्याआधी, २०१० साली, गुजरातच्या चार जिल्ह्यांत अशी अळी सापडल्याचे कंपनीनेच जाहीर केले होते. २००६ साली आलेल्या दोन जनुकांच्या वाणालाही ती पुढे पुरून उरली. २०१७ च्या हंगामात डोमकळ्या किती आणि कवडी किती, ते तुम्हाला सांगायला नको.

हिरव्या बोंडअळीने मात्र बीटीला तसे हरवले नाही. ती तूर खाते, हरभरा खाते, ज्वारीच्या कणसातही जाते. तिथे विष न चाखलेल्या अळ्या वाढतात, त्यांचे पतंग कापसावरच्या वाचलेल्यांशी मिसळतात आणि काटक रक्त पातळ होते. शेंदरीला कापसाशिवाय दुसरे घर जवळजवळ नाहीच. तिच्यासाठी ते घर म्हणजे पूर्वी पिशवीबरोबर वेगळे मिळत असलेले बिगरबीटीचे १२० ग्रॅमचे पुडके होते. ते किती जणांनी पेरले आणि किती जणांनी बांधावर फेकले, हात वर करायला लावत नाही.

पण सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारायचा हे आम्हाला मान्य नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००५ साली मोजून दाखवले की बीटी पर्‍हाटीत विष पानात भरपूर, फुलात आणि बोंडात कमी, आणि सुमारे ११० दिवसांनंतर मारक पातळीच्याही खाली जाते. शेंदरी अळी येते ती नेमकी तेव्हा, आणि शिरते बोंडात. शिवाय आपल्याकडे सगळे संकरित वाण. एका जनुकाच्या संकरित वाणाच्या बोंडात सरासरी चारांतल्या एका सरकीत ते जनुक नसतेच. अळीला थोडे विष, थोडा उपवास, थोडे जेवण मिळते. अर्धवट काटक अळी जगवायची याहून चांगली सोय कोणी मुद्दाम केली नसती.

त्यात फरदड. फेब्रुवारी-मार्चपर्यंत पर्‍हाटी उभी म्हणजे अळीच्या आणखी पिढ्या त्याच कमी विषावर. फरदड हौसेने कोणी ठेवत नाही. रब्बीला पाणी नाही, पहिल्या वेचणीचा भाव कर्जात जातो, म्हणून ठेवतो. म्हणून आमची मागणी आधी बियाण्याची आहे: १५० दिवसांत मोकळे होणारे, दाट पेरता येणारे, घरचे बी धरता येईल असे सरळ वाण. अमेरिकेने शेंदरी अळी २०१८ साली देशातून संपल्याचे जाहीर केले. तिथे बीटी होते, पण बिगरबीटीचा पट्टा होता, वेळेत रान साफ होत होते आणि नपुंसक पतंग सोडले जात होते.

आता माणसाचे. पंप पाठीवर घेणारी पोरे म्हणतात, "आपल्याला फवाऱ्याची सवय आहे." २०१७ साली एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. मोनोक्रोटोफॉसच्या गटातले औषध शरीरातले मज्जातंतूंच्या कामाचे एक द्रव्य बंद पाडते. रक्तपेशीतले ते द्रव्य पूर्ववत व्हायला तीन-चार महिने लागतात. पहिल्या फवाऱ्याला काही वाटले नाही, दुसऱ्याला डोके दुखले, तिसऱ्याला तेवढेच औषध जीव घेऊ शकते. सवय झालेली नसते, शिल्लक संपत आलेली असते. अळीच्या हजार बहिणी मरून एक उरते, तिला आपण काटक म्हणतो. माणसाच्या घरात हा हिशेब चालत नाही. म्हणून सलग फवारणाऱ्या मजुराला बदली द्या, वाऱ्याच्या दिशेने चाला, आणि घाम, लाळ किंवा अंधारी दिसली तर औषधाचा डबा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन आकडे लिहून आणायचे: कामगंध सापळ्यात रोज किती पतंग आले, पर्‍हाटी कोणत्या तारखेला उपटली, आणि फवारणीने कोणी आजारी पडले का.