पाण्याचा हात जरा आखडता घ्या



वाढदिवसाला किंवा वास्तुशांतीला पुष्पगुच्छाऐवजी छोटं रोप देण्याची चांगली पद्धत आपल्या नाशकात रुळली आहे. हे रोप बहुतेकदा जाड, गुबगुबीत पानांचं असतं. जेड, हॉवर्थिया, कलांचो, नाहीतर आपली जुनी कोरफड. यांना सक्युलंट म्हणतात. आपण मांसल झाडं म्हणू. ‘याला काहीच करावं लागत नाही,’ असं सांगून ते आपल्या हाती येतं. तरीही वर्षाच्या आत पुष्कळ घरांत नुसती कुंडीच उरते.

याचं कारण बहुधा दुर्लक्ष नसतं, माया असते. आपली झाडावरची माया पाण्यातून व्यक्त होते. सकाळी तुळशीला तांब्याभर पाणी घातलं की उरलेलं खिडकीतल्या रोपाला. तुळशीला ते मानवतं. मांसल झाडाच्या मुळांना मात्र सतत ओल्या मातीत हवा मिळत नाही आणि ती कुजतात.

शाळेतली पानफुटी आठवते ना? मातीवर पान ठेवलं की कडेनं इवली रोपं फुटतात, ती. बेंजामिन हाइन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं भारतात असताना या पानफुटीचं पान दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चाखून पाहिलं. सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडवट! लंडनच्या लिनियन सोसायटीनं १८१५ साली त्यांचं हे निरीक्षण छापलं. कारण पुढे उलगडलं. बहुतेक झाडं दिवसा पानांची सूक्ष्म रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याच वेळी पाणीही गमावतात. पानफुटीसारखी झाडं रंध्रं रात्रीच्या गारव्यात उघडतात, घेतलेला वायू आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा रंध्रं मिटून त्यातून अन्न बनवतात. म्हणून सकाळचं पान आंबट. पाण्याचा इतका काटेकोर हिशेब ठेवणाऱ्या झाडाला रोज पाणी कशाला हवं?

आमच्या शेजारच्या निवृत्त शिक्षिकांची लेक परदेशी गेली, तेव्हा जाताना जेडचं रोप ठेवून गेली. बाई रोज सकाळी त्याला पाणी घालायच्या. लेकीशी बोलल्यासारखं वाटतं, म्हणायच्या. उन्हाळा निभावला. श्रावणात पानं पिवळी पडून गळू लागली, तसं त्यांनी पाणी वाढवलं! मला बोलावलं तेव्हा खोड बुंध्याशी मऊ पडलं होतं. वरची एक फांदी टणक होती. ती स्वच्छ सुरीनं कापली, काप सुकेपर्यंत पाच-सहा दिवस सावलीत ठेवली आणि मग कोरड्या, भुसभुशीत मातीत खोवली. तीन आठवड्यांनी हलकेच ओढून पाहिली, तर ती जागची हलेना. मुळं धरली होती. बाईंनी त्याच दिवशी लेकीला फोन केला.

नाशिक जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. सटाणा-मालेगावकडचे डाळिंब बागायतदार बहार धरण्याआधी बागेचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. तो ताण बहारासाठी, आपला मुळांच्या श्वासासाठी, एवढाच फरक. ताण देणं म्हणजे टाकून देणं नव्हे. शेतकरी त्या दिवसांत बागेवर अधिकच लक्ष ठेवतो.

तेव्हा वारानुसार पाणी घालू नका. उदबत्तीची जुनी काडी मातीत तळापर्यंत खुपसा. माती चिकटून आली, तर थांबा. कोरडी आली, तर तळाच्या भोकातून निथळेपर्यंत पाणी द्या आणि बशीत साचलेलं ओतून टाका. घरात उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी, थंडीत तीन आठवड्यांनी पाणी लागावं. पावसाळ्यात कधी महिनाभरही नाही. शेवटी काडी सांगेल ते खरं.

भोक नसलेल्या चिनीमातीच्या कपातलं रोप मातीच्या कुंडीत हलवा. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून एक भाग माती, एक भाग शेणखत आणि दोन भाग जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे घ्या. पूर्वेची खिडकी उत्तम. रोप लांबुळकं होऊन एका बाजूला झुकलं, तर उजेड कमी पडतोय. पान सुरकुतलं, तर तहान. मऊ पडून पारदर्शक झालं, तर पाणी जास्त. द्राक्षवाल्यांच्या ओळखीचा पिठ्या ढेकूण दिसला, तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं पुसा. कलांचो आणि पानफुटी मात्र मांजर-कुत्र्यांना विषारी आहेत, त्यांच्या तोंडापासून दूर ठेवा.

आणखी एक विनंती. अंजनेरीच्या डोंगरावर सेरोपेजिया अंजनेरिका नावाची खरपुडी आहे; २००६ साली ती नवी जात म्हणून नोंदवली गेली. जमिनीखालच्या कंदावर ती कोरडे महिने काढते. भटकंतीत असं काही दिसलं, तर डोळे भरून पाहा; उकरून आणू नका. कुंडीसाठी शेजाऱ्यांकडून पानफुटीचं एक पान मागा. तेवढ्यात आठ-दहा घरांना पुरतील इतकी रोपं होतात.